पाण्यातील पालेभाजी आणि पाण्याची नीती

इतिहासाच्या शिक्षकाकडून स्मरणिकेसाठी लेख मागितला की वाचकांना राजवटींची, लढ्यांची किंवा चळवळींची माहिती अपेक्षित असते. या वेळी मी एका पालेभाजीचा इतिहास लिहिण्याचे ठरवले आहे. ही भाजी आपल्या मंडईत क्वचितच दिसते. तरीही तिच्या इतिहासात गरिबांचे अन्न, लहान मुलांचे श्रम, पाण्याची अस्वच्छता आणि विज्ञानाने शोधून काढलेली रोगाची साखळी हे चारही विषय एकत्र आले आहेत. ज्या संस्थेत शेकडो मुले एकाच स्वयंपाकघरातील अन्न जेवतात आणि एकाच टाकीचे पाणी पितात, त्या संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांना, पालकांना व हितचिंतकांना हे चारही विषय जवळचे वाटतील, असा मला विश्वास आहे.

वनस्पतीची ओळख

या भाजीचे इंग्रजी नाव वॉटरक्रेस आणि शास्त्रीय नाव नॅस्टर्शियम ऑफिसिनाले. आपल्याकडे बाळंतिणीला ज्या अळिवाचे लाडू देतात, तो अळीव आणि ही वॉटरक्रेस एकाच कुळातील. मोहरी, मुळा व कोबी हीसुद्धा याच कुळातील भावंडे होत. अळीव जमिनीवर वाढतो. वॉटरक्रेस मात्र झऱ्याच्या व ओढ्याच्या वाहत्या, थंड, उथळ पाण्यात वाढते. तिचे देठ पोकळ असल्यामुळे ती पाण्यावर तरंगते, पेरापेराला मुळे फुटतात आणि फुले लहान व पांढरी असतात. मूळची ही युरोप व आशिया खंडांतील वनस्पती. आज ती जगभर पसरलेली आहे.

पान चावले की मोहरीसारखा झणका नाकात जातो. नाक मुरडायला लावणारी, अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांवरूनच तिचे शास्त्रीय नाव आले आहे. पोषणाच्या दृष्टीने ती गुणी आहे. शंभर ग्रॅम ताज्या पानांत सुमारे ९५ टक्के पाणी असले, तरी सुमारे ४३ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, १२० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि के जीवनसत्त्वाचा भरपूर साठा असतो. युरोपात ती मुख्यतः कच्ची, पावाबरोबर खातात. तिच्या लोकप्रियतेचे कारण हे कच्चे खाणे, आणि तिच्याशी जोडलेल्या रोगांचेही कारण तेच.

लंडनची आठ वर्षांची विक्रेती

शेकडो वर्षे लोक ही भाजी ओढ्याकाठून खुडून आणीत. इंग्लंडमध्ये तिची व्यापारी लागवड विल्यम ब्रॅडबेरी याने १८०८ मध्ये केंट परगण्यातील स्प्रिंगहेड येथे सुरू केली, असे मानले जाते. पुढे दक्षिण इंग्लंडच्या चुनखडीच्या प्रदेशात, जेथे जमिनीतून वर्षभर जवळपास एकाच तापमानाचे स्वच्छ पाणी वर येते, तेथे तिचे वाफे पसरले. रेल्वे आल्यावर हा माल काही तासांत लंडनला पोहोचू लागला. हॅम्पशायरमध्ये १८६५ साली सुरू झालेल्या एका रेल्वेमार्गाला आजही ‘वॉटरक्रेस लाइन’ म्हणतात. कामगारवर्गाच्या न्याहारीत पाव आणि वॉटरक्रेस हा नित्याचा मेळ होता. ज्यांच्याकडे पावाचेही पैसे नसत, ते नुसती भाजीच खात.

ही भाजी विकणारे कोण होते? हेन्री मेह्यू या पत्रकाराने लंडनच्या गरिबांच्या मुलाखती घेऊन ‘लंडन लेबर अँड द लंडन पुअर’ हा ग्रंथ १८५१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वॉटरक्रेस विकणाऱ्या एका आठ वर्षांच्या मुलीची मुलाखत आहे. ती पहाटे, अंधार असतानाच, फॅरिंग्डनच्या बाजारात जाई, घासाघीस करून माल घेई, जुड्या बांधी आणि थंडीत पातळ कपड्यांनिशी रस्तोरस्ती हिंडे. मिळालेले पैसे ती आईच्या हाती देई. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण एका शिलिंगचे किती पेन्स होतात हे चोख ठाऊक होते. ती काही दिवस शाळेत गेली होती. तेथे मास्तर मारीत म्हणून आईने तिला काढून घेतले. या मुलीशी खेळण्यांविषयी व बागेविषयी बोलू पाहणाऱ्या मेह्यूच्या लक्षात आले की, तिच्यात बालपणाचा मागमूसही उरलेला नाही.

ज्या काळात जगातील सर्वांत श्रीमंत साम्राज्याच्या राजधानीत ही मुलगी भाजी विकत होती, त्याच काळात, १८४८ पासून, पुण्यात महात्मा जोतीराव फुले व क्रांतिज्योती सावित्रीबाई मुलींना शाळेत बसवीत होते. श्रमाच्या बाजारात गेलेले मूल शाळेत आणणे हे काम लंडनमध्येही बाकी होते आणि पुण्यातही. निवासी शाळा चालवणाऱ्या आपल्या सर्वांना या मुलीची ओळख असावी, म्हणून हा तपशील दिला.

भाजी दोषी की पाणी?

एकोणिसाव्या शतकात शहरांचे सांडपाणी नद्या-ओढ्यांत सोडले जाऊ लागले, आणि त्याच पाण्यावर भाजीचे वाफेही होते. १९०३ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात विषमज्वराची साथ आली, तेव्हा तेथील आरोग्य अधिकाऱ्यांनी तिचा संबंध सांडपाण्याने दूषित झालेल्या वाफ्यांतील वॉटरक्रेसशी जोडला. ही गोष्ट केवळ जुन्या काळाची नाही. २०१३ मध्येही इंग्लंडमध्ये ई. कोलाय जिवाणूच्या एका घातक प्रकाराचा उद्रेक बाजारातील वॉटरक्रेसशी जोडला गेला होता.

तथापि या भाजीचे नाव वैद्यकशास्त्रात सर्वाधिक घेतले जाते ते दुसऱ्या एका रोगासाठी. तो रोग म्हणजे यकृतातील पर्णकृमीचा रोग. या कृमीचे शास्त्रीय नाव फॅसिओला हेपॅटिका. झाडाच्या पानासारखा चपटा, सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचा हा कृमी मेंढ्या व गुरे यांच्या यकृतात राहतो. १८७९-८० च्या अतिवृष्टीच्या काळात इंग्लंडमध्ये या रोगाने सुमारे ३० लाख मेंढ्या दगावल्या, असे सांगितले जाते. मेंढपाळांना एवढेच ठाऊक होते की पाणथळ कुरणात चरलेली मेंढी आजारी पडते. कारण कोणालाही माहीत नव्हते. त्यानंतर ऑक्सफर्डमध्ये ए. पी. थॉमस आणि जर्मनीत रुडॉल्फ लॉयकार्ट या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे संशोधन करून १८८१ ते १८८३ या काळात या कृमीचे संपूर्ण जीवनचक्र उलगडले.

ते चक्र असे आहे. बाधित जनावराच्या शेणातून किंवा लेंड्यांतून कृमीची अंडी बाहेर पडतात. ती पाण्यात पोहोचली तरच उबतात. अंड्यातून निघालेल्या सूक्ष्म अळीला साधारण एका दिवसाच्या आत एका विशिष्ट जातीची गोड्या पाण्यातील लहान गोगलगाय सापडावी लागते; न सापडल्यास ती मरते. गोगलगायीच्या शरीरात एका अळीपासून अनेक अळ्या तयार होतात. काही आठवड्यांनी शेपटी असलेल्या अळ्या गोगलगायीतून बाहेर येतात, पोहत जाऊन पाण्यातील वा काठावरील वनस्पतीला चिकटतात, शेपटी टाकून देतात आणि स्वतःभोवती टणक कोश तयार करतात. ओलावा असेल तर हा कोश महिनोन्‌महिने जिवंत राहतो. ते पान मेंढीने, गाईने किंवा माणसाने कच्चे खाल्ले की चक्र पूर्ण होते. वॉटरक्रेसचा संबंध येतो तो याच शेवटच्या टप्प्यावर. तिला जे उथळ पाणी लागते तेच गोगलगायीलाही लागते, आणि ती कच्ची खाल्ली जाते.

माणसाच्या शरीरात काय घडते?

आतड्यात गेल्यावर कोश फुटतो. लहान कृमी आतड्याची भिंत भेदून पोटाच्या पोकळीत येतो आणि यकृतात शिरतो. यकृताचा भाग पोखरत तो कित्येक आठवडे फिरतो. या काळात ताप, बरगडीखाली उजव्या बाजूस दुखणे, अंगावर पित्त उठणे, वजन घटणे ही लक्षणे दिसतात आणि रक्तातील इओसिनोफिल पेशी वाढतात. साधारण तीन ते चार महिन्यांनी कृमी पित्तनलिकेत स्थिरावून अंडी घालू लागतो. मग पित्तनलिकेला सूज, कावीळ, पित्ताशयाच्या खड्यांसारख्या कळा व रक्तक्षय असे त्रास होतात. हा कृमी माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षे राहू शकतो.

दोन गोष्टी पालकांनी विशेष लक्षात ठेवाव्यात. पहिली : सुरुवातीच्या महिन्यांत कृमी अंडी घालत नसल्याने शौचाच्या तपासणीत काही सापडत नाही, अशा वेळी रक्ततपासणीचा उपयोग होतो. दुसरी : शाळांतून राष्ट्रीय जंतनाशक दिनी दिली जाणारी अल्बेंडाझोलची गोळी आतड्यातील जंतांवर गुणकारी आहे आणि ती प्रत्येक मुलाने घेतलीच पाहिजे, परंतु पर्णकृमीवर तिच्यावर विसंबता येत नाही. त्यासाठी ट्रायक्लाबेंडाझोल हे वेगळे औषध आहे. ते डॉक्टरांनी निदान करून, वजनाच्या प्रमाणात द्यायचे असते. निदान वेळेवर झाले तर हा रोग बरा होतो.

फ्रान्समध्ये १९५० च्या दशकात ल्योंच्या परिसरात, तर ब्रिटनमध्ये १९६८ च्या सुमारास मनमथशायर परगण्यात या रोगाचे उद्रेक झाले. मनमथशायरमध्ये सुमारे ४० लोक बाधित झाले होते. दोन्ही ठिकाणी संशय वॉटरक्रेसवर होता, आणि धोका मुख्यतः जनावरांच्या कुरणांलगत उगवणाऱ्या रानटी भाजीचा होता. कूपनलिकेच्या किंवा झऱ्याच्या संरक्षित पाण्यावर, गुरांना दूर ठेवून पिकवलेल्या भाजीत तो धोका फारच थोडा राहतो. म्हणजे तीच भाजी, तेच बियाणे. फरक पडतो तो पाण्याने आणि व्यवस्थेने.

अँडीजच्या पठारावरील इतिहास

माणसांमध्ये या रोगाचे जगातील सर्वांत मोठे प्रमाण दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हिया देशाच्या उत्तर पठारावर आढळले. टिटिकाका सरोवर आणि ला पाझ शहर यांच्या दरम्यान, समुद्रसपाटीपासून सुमारे ३८०० ते ४१०० मीटर उंचीवर आयमारा या आदिवासी समाजाची गावे आहेत. त्यांतील काही गावांत शौचाच्या तपासणीत ७० टक्क्यांपर्यंत लोक बाधित आढळले, आणि त्यांत मुले अधिक होती. ही मुले गुरे राखताना ओढ्याकाठची पाणवनस्पती कच्ची खातात आणि तेच पाणी पितात.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचार करावा. हा कृमी व त्याला आश्रय देणारी गोगलगाय अमेरिकेतील मूळच्या नव्हेत. सोळाव्या शतकापासून स्पॅनिश विजेत्यांनी जहाजांतून जी गुरे-मेंढरे नेली, त्यांच्याबरोबर त्या पोहोचल्या, असे संशोधकांचे मत आहे. वॉटरक्रेसही युरोपातूनच तेथे गेली. विजेते सोन्या-चांदीसाठी आले. त्यांच्या मागे राहिलेला हा कृमी पाचशे वर्षांनीही आयमारा मुलांच्या यकृतात आहे. वरवर पाहता ‘ते लोक कच्चे खातात म्हणून आजारी पडतात’ असे म्हणणे सोपे आहे. पण ज्यांच्या गावात नळाचे पाणी नाही, शौचालय नाही, दवाखाना दूर आहे, त्यांच्या सवयीलाच सारा दोष देणे अन्यायाचे होईल.

उपाय करता येतो, हेही जगाने दाखवले आहे. इराणच्या कॅस्पियन किनाऱ्यावरील गिलान प्रांतात १९८९ मध्ये दहा हजारांहून अधिक लोक बाधित झाले होते. तेथील अनुभवानंतर ट्रायक्लाबेंडाझोलचा मानवी उपचारात वापर वाढला. इजिप्तमध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशात शाळकरी मुलांची तपासणी करून बाधितांना औषध देण्याचा कार्यक्रम १९९८ पासून राबवला गेला आणि तेथील प्रमाण पुष्कळ घटले. या कामात शाळा हेच केंद्र होते, ही बाब आपण ध्यानात घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ७० हून अधिक देशांत किमान २४ लाख लोकांना हा रोग आहे.

आपल्याकडील स्थिती

भारतात गाई-म्हशींमध्ये आढळणारा पर्णकृमी मुख्यतः फॅसिओला जायगँटिका या जातीचा आहे. भातशेतीच्या व पाणथळ भागांतील पशुपालकांना तो परिचित आहे : जनावर खंगते, दूध कमी होते, जबड्याखाली पाणी साचून सूज येते. माणसांत मात्र आपल्याकडे याचे रुग्ण थोडेच नोंदले गेले आहेत. याचे मोठे श्रेय आपल्या आयाबहिणींच्या चुलीला दिले पाहिजे. नाळीची भाजी असो की कमळकाकडी, आपल्या घरात ती शिजवल्याशिवाय ताटात येत नाही, आणि नीट शिजवल्यावर कोश जिवंत राहत नाही.

तरी निर्धास्त राहण्याचे कारण नाही. या कृमीचा एक मोठा नातेवाईक, फॅसिओलॉप्सिस बस्की, माणसाच्या व डुकराच्या आतड्यात राहतो आणि शिंगाड्यासारख्या पाणवनस्पतींवरून पोटात जातो. कच्च्या शिंगाड्याचे साल दातांनी सोलताना कोश तोंडात जातात. उत्तर प्रदेश व बिहारमध्ये तो आढळतो. महाराष्ट्रात पालघर परिसरातही १९७० च्या दशकाच्या आरंभी त्याचा अभ्यास झाला होता. उकडलेल्या शिंगाड्यापासून ही भीती नाही. पूर्व विदर्भातील तलावांवर शिंगाड्याचे पीक घेऊन पोट भरणाऱ्या ढिवर बांधवांच्या मालाबद्दल संशय निर्माण करणे हा माझा हेतू नाही. शिंगाडा उकडून खावा, एवढेच सांगणे आहे. विषमज्वर, कावीळ व जुलाब यांचे जंतू तर कोथिंबीर, मुळ्याचा पाला, कांद्याची पात अशा कोणत्याही कच्च्या पाल्यावरून येऊ शकतात, जर तो पाला सांडपाण्यावर वाढला किंवा गढूळ पाण्यात धुतला गेला असेल तर.

शुद्धी आणि स्वच्छता

२० मार्च १९२७ रोजी महाड येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी तळे ‘बाटले’ म्हणून त्याची शुद्धी केली. दही, दूध, शेण व गोमूत्र यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रोच्चारात तळ्यात बुडवण्यात आल्या. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते आणि शेणाने ते शुद्ध होते, असा तो समज होता. थॉमस आणि लॉयकार्ट यांचा शोध त्याआधी चाळीसहून अधिक वर्षे प्रसिद्ध झालेला होता : बाधित जनावराचे शेण पाण्यात मिसळणे हीच तर या रोगाच्या साखळीची पहिली कडी. शुद्धी ही कल्पना जन्मावर उभी असते, तर स्वच्छता ही निरीक्षणाने व प्रयोगाने पारखता येते. आपण बाबासाहेबांचे अनुयायी म्हणून दुसरीचा स्वीकार केला आहे.

बौद्ध परंपरेत या स्वच्छतेचा विचार फार जुना आहे. भिक्खूंच्या पातिमोक्खात ७५ सेखिय नियम आहेत. आजारी नसलेल्या भिक्खूने हिरव्या वनस्पतीवर वा पाण्यात मलमूत्र विसर्जन करू नये आणि थुंकू नये, अशा आशयाचे नियम त्यांत शेवटी येतात. भिक्खूच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याच्या वस्त्राचा समावेश आहे. त्याचा मूळ उद्देश पाण्यातील सूक्ष्म जीवांची हिंसा टाळणे हा होता. अडीच हजार वर्षांपूर्वी सूक्ष्मदर्शक नव्हता, तेव्हा या नियमांना आजच्या जंतुशास्त्राचे नाव देणे योग्य ठरणार नाही. पण हिरवा पाला आणि पाणी ही सर्वांची ठेव असून ती घाण करण्याचा कोणालाही अधिकार नाही, ही नीती त्यांत स्पष्ट आहे.

पटिच्चसमुप्पादाचा सिद्धांत मुलांना समजावून सांगताना मला या कृमीचे जीवनचक्र फार उपयोगी पडते. शेण, पाणी, गोगलगाय, पान, कच्चे अन्न : प्रत्येक गोष्ट आधीच्या गोष्टीवर अवलंबून आहे. यात दैव नाही, कोप नाही, पूर्वजन्मीचे पाप नाही. कोणतीही एक कडी तोडली की पुढचे सारे थांबते. मुलाला ताप आल्यावर अंगारा-धुपाऱ्याकडे वळणाऱ्या घरात हा विचार पोहोचला, तर आपल्या शाळेतील विज्ञानाचा तास आणि धम्माचा तास दोन्ही सार्थकी लागतील.

वसतिगृहात व घरी पाळावयाचे नियम

१. पाण्यात किंवा पाणथळ जागी वाढलेली कोणतीही वनस्पती कच्ची खाऊ नये. सहलीला वा रानात गेलेल्या मुलांनी ओढ्याकाठचा पाला तोंडात टाकू नये.

२. केवळ धुण्यावर विसंबू नये. पर्णकृमीचे कोश पानाला घट्ट चिकटलेले असतात. ते साध्या धुण्याने पूर्ण निघत नाहीत. खात्रीचा उपाय म्हणजे शिजवणे.

३. कच्ची खायची कोथिंबीर, काकडी, टोमॅटो, पात हे पिण्यायोग्य पाण्यात दोन-तीन वेळा धुवावेत. भाजी कोणत्या पाण्यावर वाढली, हे विक्रेत्याला विचारण्याची सवय ठेवावी.

४. ओढ्याचे, तळ्याचे पाणी उकळून प्यावे. पाण्यात तरंगणारे कोशही रोग देऊ शकतात.

५. गुरांना पिण्याच्या व भाजी धुण्याच्या पाण्यात उतरवू नये. आजारी जनावराला पशुवैद्यकाकडून कृमिनाशक द्यावे. शौचालयाचा वापर सर्वांनी करावा.

६. मुलाला लांबलेला ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे, कावीळ किंवा अंगावर वारंवार पित्त उठणे असे काही झाल्यास डॉक्टरांकडे न्यावे आणि त्याने पाण्यातील काही कच्चे खाल्ले होते का, हेही आवर्जून सांगावे. ही एक माहिती निदानाचे कित्येक दिवस वाचवू शकते.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्यापैकी कोणी परिचारिका झाले, कोणी ग्रामसेवक, कोणी पाणीपुरवठा खात्यात अभियंता, कोणी शेतकरी. वर्षातून एकदा आपल्या गावच्या पाणवठ्याची, शाळेच्या टाकीची व अंगणवाडीच्या स्वयंपाकघराची पाहणी करा, जे आढळेल ते ग्रामसभेत लेखी मांडा. महाडला आपल्या आजोबा-पणजोबांनी पाण्याचा हक्क मिळवण्यासाठी डोकी फोडून घेतली. तो हक्क मिळाल्यावर ते पाणी स्वच्छ राखण्याची जबाबदारी आपल्या पिढीकडे आली आहे.

लंडनच्या त्या आठ वर्षांच्या मुलीला आपली भाजी कोणत्या पाण्यात वाढली हे विचारण्याची संधी मिळाली नाही, कारण तिची शाळा सुटली होती. आपल्या वसतिगृहातील प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

सब्बे सत्ता सुखी होन्तु. जय भीम! नमो बुद्धाय!